आणि एक मित्र

१९९८, जानेवारीतला पहिला शनिवार, दुपार. स्थळ: ॲन आर्बरमधल्या आमच्या छोट्या रेडिओ स्टेशनचा तळघरातला स्टुडिओ. हजर: ते, मी आणि काचेपलीकडे यंत्रं सांभाळणारी सिंडी. गैरहजर: स्टेशन मॅनेजर डग. तो घरून ऐकत होता आणि मध्येच फोन करणार होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

ते आले, बर्फाचे बूट दाराशी काढले, कोट अंगावरच ठेवला आणि माझी कार्यक्रमांची फाइल पुढे ओढून तिच्या तारेच्या स्पायरलवर पेन्सिल घासायला लागले. खर्रर्र, चिक-चिक. खर्रर्र, चिक-चिक.

"तार वाकते," मी म्हटलं.

"तार गाते, मिहा."

मिहा म्हणजे स्पॅनिशमध्ये पोरी. मी तेव्हा चाळिशी ओलांडली होती आणि स्टेशनचं ऑफिस माझ्याकडे होतं. मला पोरी म्हणणारं त्या गावात दुसरं कोणी नव्हतं. आमचं बोलणं इंग्रजीत चाले, मधूनमधून त्यांची स्पॅनिश. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, तेव्हा थोडं बेचव होणारच.

ते मूळचे पोर्तो रिकोचे. तरुणपण न्यूयॉर्कमध्ये गेलं, मग इकडे मोटारींच्या कारखान्यात नोकरी केली आणि तिथूनच रिटायर झाले. दर शनिवारी दुपारी ते आमच्या स्टेशनवर लॅटिन संगीत लावत आणि जानेवारीच्या पहिल्या शनिवारी सरलेल्या वर्षाची हजेरी घेत. कोणाला कुठलं बक्षीस मिळालं, कुठल्या गावात महोत्सव झाला, कोणाच्या नव्या रेकॉर्डी आल्या, कोण गेलं.

ऐकायला सोपं वाटतं. पण त्यांचा एक नियम होता: "नावं आधी." गाणं लावण्याआधी त्यात जे जे कोणी असेल त्या सगळ्यांची नावं ते वाचत. गायक, पियानोवाला, ट्रम्पेटवाले, ढोलवाले, मागे उभे राहून पालुपद म्हणणारे. टाळ्या वाजवायला कोणी बोलावलं असेल तर तोही. एखाद्या सीडीवर नावं छापलेली नसली तर ते न्यूयॉर्कला, मायामीला ओळखीपाळखीत फोन करत, आणि नावं मिळेपर्यंत ती सीडी माझ्या खिडकीत पडून राही. "आवरा ही," मी म्हणायचे. "थांब, अजून हिची माणसं आली नाहीत," हे त्यांचं उत्तर.

त्या शनिवारी अपेक्षेप्रमाणे फोन वाजला.

"त्यांना सांग, नावं कमी, गाणी जास्त," डग म्हणाला. "लोक झोपतील."

मी निरोप दिला. सिंडीने काचेपलीकडून डोळे फिरवले.

"डगला विचार, गेल्या वर्षीच्या बेसबॉल टीममधली नावं येतात का त्याला?"

विचारलं. "येतात म्हणतो. बदली खेळाडूंसकट."

"मग माझी टीम मला वाचू दे म्हणावं."

माझा नवरा नागपूरचा. शनिवारी गॅरेज आवरताना तो हा कार्यक्रम लावायचा. "यार, तुझ्या काकांकडे सगळी वरात येऊन जाते, नवरदेवच येत नाही," असं म्हणायचा. पण स्टेशन बदलायचा नाही.

तुम्हीही असा माणूस कुठे ना कुठे पाहिला असेल. त्याच्या हट्टाचा त्रास होतो, आणि तो नसला की सगळं फार लवकर उरकतं.

सगळ्यांची नावं वाचणाऱ्या या माणसाने स्वतःचं नाव मात्र रेडिओवर कधी घेतलं नाही. सुरुवातीला "तुमचा शेजारी बोलतोय," शेवटी "तुमचा शेजारी निघाला." दर तीन महिन्यांनी कार्यक्रमपत्रिका छापून घ्यायचं काम माझं. बाकी सगळ्यांची नावं त्यात असत आणि शनिवार दुपारच्या चौकोनात फक्त "लॅटिन संगीत". मला असली मोकळी जागा सहन होत नाही. मी एकदा सरळ विचारलं.

"आधी तिथे," ते म्हणाले. "मग तुझ्या पत्रिकेत."

तिथे म्हणजे कुठे, ते त्यांनी सँडविच खाता खाता सांगितलं. तरुणपणी न्यूयॉर्कमध्ये एका बँडच्या रेकॉर्डवर त्यांनी ग्वीरो वाजवला होता. ग्वीरो म्हणजे वाळवलेला लांबट भोपळा. त्यावर आडव्या खाचा पाडलेल्या असतात आणि काडीने त्या घासायच्या. खर्रर्र, चिक-चिक. रेकॉर्ड गाजली. कव्हरवर सगळ्यांची नावं आली, फोटोग्राफरचं आलं, स्टुडिओतल्या साउंडवाल्याचं आलं. यांचं राहिलं. कंपनीचा माणूस म्हणाला, पुढच्या छपाईत घालू. पुढची छपाई झालीच नाही. कंपनी बुडाली.

"पण ऐकू येतं ना तुम्हाला? तुमचं वाजवणं?"

"स्वच्छ ऐकू येतं. म्हणून तर."

मी औरंगाबादची आहे. एका नावासाठी माणसं किती वर्षं थांबू शकतात, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी तो विषय पुन्हा काढला नाही आणि चौकोन मोकळा ठेवला.

फेब्रुवारीत बक्षिसांचे दिवस आले. मोठ्या सोहळ्यात लॅटिनची बक्षिसं टीव्हीवरचा कार्यक्रम सुरू होण्याआधीच वाटून मोकळे होतात, ही त्यांची नेहमीची तक्रार. "पाहुणे यायच्या आधी घरच्यांना जेवायला घालतात तसं," ते म्हणायचे. त्या वर्षी तक्रारही त्यांनी अर्धीच केली. त्या हिवाळ्यात आम्ही सगळेच थकलेलो होतो. मी तर स्टेशनसाठी वर्गणीची मोहीम, बर्फ आणि घरी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी मुलं यांतच संपत होते.

मार्चमध्ये एकदा ते आले तेव्हा कोट अंगावर नव्हता, हातात होता. घाईने जिना उतरल्यामुळे धाप लागलेली. न्यूयॉर्कच्या एका नव्या कंपनीने जुन्या रेकॉर्डी विकत घेतल्या होत्या आणि त्या सीडीवर आणायच्या होत्या. त्यात ती रेकॉर्ड होती. आत छोटी पुस्तिका असणार होती.

"पुढची छपाई, मिहा," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

पत्र मी लिहिलं. असली पत्रं मला चांगली जमतात: मुद्दा पहिल्या ओळीत, स्पेलिंग ठळक अक्षरात. सोबत त्यांनी स्वतःजवळचा एक फोटो दिला. रेकॉर्डिंगच्या दिवशीचा, सगळा बँड ओळीने उभा, उजवीकडून पहिला हा काटकुळा पोरगा हातात भोपळा धरून. दुसरी प्रत नव्हती. "हरवला तर?" मी म्हटलं. "मग तो आणि मी, दोघंही हरवलो," म्हणाले आणि स्वतःच पाकीट चिकटवलं. कंपनीकडून उत्तर आलं: पत्र आणि फोटो मिळाला, मनापासून आभार.

त्या उन्हाळ्यात त्यांचे डोळे गाडी चालवण्याइतके राहिले नव्हते, म्हणून महोत्सवांना मी नेत होते. डेट्रॉइटच्या नैर्ऋत्य भागातल्या बागेत एका रविवारी गाणीबजावणी होती. मक्याची कणसं भाजत होती आणि पोरंबाळं गवतात लोळत होती. शेवटच्या कार्यक्रमाला त्या जुन्या बँडचा पियानोवादक येणार होता, ज्याच्या नावाने बँड चालायचा तोच. तो व्हीलचेअरवर आला. बोटं मात्र अजून धावत होती.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही स्टेजमागे रांगेत उभे राहिलो. आमची पाळी आली तसं यांनी खिशातून कंगवा काढला आणि त्याच्या दातांवर नख घासलं. खर्रर्र, चिक-चिक. म्हाताऱ्याने मान वर केली.

"फ्लाको!" तो ओरडला. फ्लाको म्हणजे काटकुळ्या. आणि यांच्या पोटाकडे बघून म्हणाला, "काय रे, भोपळा गिळलास की काय?"

दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग फोटोवाले आले आणि आम्ही बाजूला झालो.

परतीच्या वाटेवर मी गाडीत विचारलं, "तुमचं नाव सांगितलंत ना त्यांना? कंपनी त्यांना विचारेलच."

त्यांनी हातातला कंगवा खिशात ठेवला. "त्याला माझं नाव माहीत नाही, मिहा. कधीच नव्हतं. सगळे फ्लाकोच म्हणायचे. मलाही तेव्हा गोड वाटायचं." मग म्हणाले, "सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात फोटोवाले आले."

मी कंपनीला दुसरं पत्र पाठवलं. आणखी ठळक अक्षरात.

सीडी ऑक्टोबरमध्ये आली, स्टेशनच्या पत्त्यावर. मी ती उघडली नाही. ते शनिवारी आले, तेव्हा त्यांनीच वरचं प्लास्टिक दाताने फाडलं. पुस्तिका देखणी होती, जाड कागदाची. मधल्या दोन पानांवर पसरून त्यांनी पाठवलेलाच फोटो छापला होता. सुंदर आला होता. भोपळ्यावरच्या खाचासुद्धा मोजता आल्या असत्या. फोटोखाली डावीकडून सगळ्यांची नावं होती. ट्रम्पेट, ट्रम्पेट, पियानो, कोंगा, गायक. आणि शेवटी: आणि एक मित्र.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. सिंडी काचेपलीकडून अंगठा वर करून विचारत होती, आलं का? मी मानेने नाही म्हटलं.

"फोटो चांगला आलाय," ते म्हणाले.

मला राग आला की माझे हात काहीतरी करायला लागतात. मी माझं काळं बारीक पेन काढलं, ते 'एक मित्र' खोडलं असतं आणि वर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं असतं. त्यांनी पानावर हात ठेवला.

"नको. तुझं अक्षर छान आहे. पण या एकाच प्रतीत मी काय करू? बाकीच्या प्रती लोकांच्या घरी गेल्या."

"मग मी रेडिओवर सांगते. आजच, मी स्वतः."

"नाही, मिहा. आधी तिथे." मग थकलेल्या आवाजात म्हणाले, "ती खिडकीत ठेव. तिची माणसं अजून आली नाहीत."

तरी पुढच्या जानेवारीच्या पहिल्या शनिवारी त्यांनी ती सीडी हजेरीत घेतली. त्या वर्षीची बक्षिसं वाचली, महोत्सव वाचले, नव्या रेकॉर्डी वाचल्या. मग म्हणाले, "जुनी, पण गेल्या वर्षी पुन्हा आलेली," आणि पुस्तिकेतून सावकाश एकेक नाव वाचलं, वाद्यासकट. शेवटच्या नावापाशी आले. मला वाटलं, आता तरी घेतील. माझ्या समोरच बसले होते.

"आणि एक मित्र," ते म्हणाले. "ग्वीरो."

आणि गाणं लावलं. सबंध गाणंभर आम्ही तिघांनी फक्त ती खरखर ऐकली. फोन वाजला नाही. घरी गेल्यावर नवरा गॅरेजच्या दारात उभा होता. "काकांनी नाव का नाही घेतलं?" एवढंच त्याने विचारलं.

एप्रिलमध्ये ते फ्लोरिडाला मुलीकडे राहायला गेले. निघताना ग्वीरो स्टेशनला ठेवून गेले आणि माझ्या फाइलची वाकलेली तार पक्कडीने सरळ करून गेले. उन्हाळ्यात सगळ्या अमेरिकेला एकाएकी स्पॅनिश गाणी आवडायला लागली. लाँड्रीत तीच, दुकानात तीच, माझ्या मुलांच्या तोंडीही तीच. डग धावत खाली आला.

"आपल्याकडे तो माणूस होता ना? नावं वाचायचा तो? त्याला शनिवार-रविवार दोन्ही देऊ. कुठे आहे तो?"

"फ्लोरिडाला," मी म्हटलं.

ऑक्टोबरात त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेत गेले. तिने विचारलं, बाबांचा रेडिओवर कार्यक्रम होता त्याचा कुठे छापील उल्लेख आहे का, नातवंडांना दाखवायला. मी कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा काढला आणि एकेक चौकोन बघत बसले. लॅटिन संगीत, लॅटिन संगीत. मी तिला सीडी पाठवली आणि सांगितलं, मधल्या पानावर उजवीकडून पहिले.

आता डिसेंबर आहे. शनिवारी दुपारी दोन नवी मुलं गाणी लावतात. गायकाचं नाव सांगतात आणि पुढे जातात. कार्यक्रम वेळेवर संपतो. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी वर्षाची हजेरी मी घेणार आहे, तसं डगला कळवलं आहे. बक्षिसं, महोत्सव, नव्या रेकॉर्डी सगळं जमवून झालं. जे गेले त्यांच्या यादीत एक ओळ अजून भरलेली नाही, आणि तुमच्या लक्षात आलंच असेल, इथेही मी ती भरलेली नाही. त्यांची अट होती.

न्यूयॉर्कच्या त्या कंपनीने जुन्या रेकॉर्डी या शरदात दुसऱ्या कंपनीला विकल्या असं कळतं. नव्या कंपनीचा पत्ता मिळवायचा आहे. मग पत्र: पुढच्या छपाईत, फोटोखाली, उजवीकडून पहिला.