आढाव्यात नसलेले सर

पीएच.डी.चं अवघड काम शेतात असेल, असं मला वाटत होतं. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या कंबरेचं दुखणं हा माझा विषय. मी तेल्हाऱ्याकडची, लहानपणी स्वतः कंबरेला ओटी बांधून कापूस वेचलेली. बायकांना बोलतं करायला मला वेळ लागला नाही. अडले ती अमरावतीच्या ग्रंथालयातल्या संगणकापुढे. विद्यापीठाच्या संशोधन समितीचं म्हणणं, या विषयावर आजवर जगात काय काय झालंय त्याचा आढावा आधी आणा, मग तुमचं नवं काय ते कळेल. असे आढावे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेले असतात आणि ते डेटाबेसमध्ये सापडतात म्हणे. हे 'म्हणे' मी मुद्दाम लिहितेय.

माझी नोकरी अकोल्याला आणि ग्रंथालयाचा पासवर्ड ग्रंथालयाच्या आवाराबाहेर चालत नाही. म्हणून शनिवारी कॉलेज सुटलं की गाडी धरायची. तिथं बसून इंग्रजी शब्द टाकायचे, डावीकडे 'रिव्ह्यू आर्टिकल'च्या चौकटीत खूण करायची आणि वाट पाहायची. कापूस टाकला की बोंडअळी निघायची. कंबर टाकली की परदेशातल्या ऑफिसांतल्या खुर्च्या. दोन्ही एकत्र टाकलं की पडदा कोरा. अळीवर आढावे होते, खुर्चीवर होते, बाईवर नव्हता. संताप यायचा, पण संगणकावर चिडून करता काय? पुन्हा दुसरे शब्द टाकायचे.

ग्रंथालय बंद झालं की मी सरांकडे जायची. सर माझे एम.ए.चे शिक्षक, कधीचे निवृत्त. आता त्यांना डोळ्यांनी जवळपास काही दिसत नाही. पण या विषयावरचं पहिलं काम त्यांचं. ताणकाटा घेऊन ते अंजनगावपासून मूर्तिजापूरपर्यंत शेतं हिंडले, बायकांच्या ओटीतला कापूस तोलला, कुणाची कंबर कधी धरते ते लिहून काढलं. प्रबंध मराठीत. आमच्याकडची रीतच आहे, काळं रेक्झिनचं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, एक प्रत पेढ्यांसकट मार्गदर्शकाच्या घरी, एक ग्रंथालयाच्या कपाटात. कपाटात गेला म्हणजे जगात गेला, असं सगळेच धरून चालतात. सरही तेच धरून चालले होते. गेलं की विचारायचे, "सापडला काय आढावा? माह्यं काम असनच त्याच्यात. नाव कसं छापलं ते पाहून ठेव."

दिवाळीनंतर तो सापडला. मी 'स्त्री' हा शब्द काढून 'मजूर' टाकला, आणि कापूस वेचणाऱ्यांच्या आरोग्यावरचा देशोदेशींचा आढावा समोर आला. मी आधी शेवटची संदर्भसूची उघडली. वरून खाली सरांचं आडनाव शोधलं, मग खालून वर. नव्हतं. आत एका वाक्यात लिहिलं होतं की, पश्चिम विदर्भातला एकही अभ्यास आढळला नाही. त्या लोकांनी खोटं लिहिलं नव्हतं. तेही माझ्यासारखेच डेटाबेसमध्ये शोधत बसले असणार. आणि सरांचा प्रबंध माझ्या मागच्या कपाटात होता, कुलपात.

समितीचे अध्यक्ष ते वाक्य वाचून खूश झाले. "मॅडम, तुमचं काम सोपं झालं. पहिलाच अभ्यास म्हणून लिहा." मी सरांच्या प्रबंधाचं सांगितलं. "तो घातला तर तुम्ही नवं काय केलं?" ते म्हणाले. "आढाव्यातच नाही म्हणतात, विषय संपला. तुमच्या नोंदणीची मुदत संपत आलीये, आता विषय बदलणार आहात का?" मुदत पुन्हा वाढणार नव्हती, हे मलाही ठाऊक होतं.

तिथून सरळ सरांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. काकूंनी टीव्ही बंद केला.

"एकबी नाही म्हन्ते?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

सर म्हणाले, "इंग्रजीत काढाले पायजे होतं. मले कोनी सांगतलंच नाही." त्यांच्या तोंडून हे ऐकून मला रडू आलं. त्यांना दिसत नाही म्हणून मी डोळे पुसलेही नाहीत.

"लॅपटॉप हाय ना तुह्याजवळ? काढ, लिव."

"मी नाई लिवत, सर."

"मंग काय करशीन? मुदत थांबते काय तुह्यासाठी?"

मी लॅपटॉप उघडला. सर वर्गात सांगायचे तसं एकेक शब्द सांगत गेले, 'पश्चिम विदर्भात या विषयावर आजवर एकही अभ्यास झालेला नाही.' मी टाइप करत गेले.

"वाच."

मी वाचलं. सरांनी मान हलवली.

"'आजवर' काढ, 'अद्याप' टाक," ते म्हणाले. "समितीले तसं बरं वाटते."