तांबडीचा पट्टा

आमच्या शेडच्या दारावर एकच ओळ होती: ‘इथे आलेल्या जनावराला मारत नाहीत.’ ती मीच रंगवली होती, लाल रंगात, आणि रंग पातळ झाल्यामुळे अक्षरं ओघळली होती. नागपुरात महाल भागाबाहेर लाकडाची एक बंद पडलेली वखार होती, तिच्या मागची ही पत्र्याची शेड. टाकून दिलेली, गाडीखाली सापडलेली, म्हातारी झाली म्हणून पोत्यात घालून आणून सोडलेली कुत्री तिथे राहत. लोक शेडला कुत्र्यांची धर्मशाळा म्हणत आणि हसत. त्यांच्या हसण्याचा मला भयंकर राग यायचा.

शेड चालवायचे काका. म्हणजे सगळेच त्यांना काका म्हणत. जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर म्हणून आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते. सावजीच्या हॉटेलातून हाडं आणायची, तिखट जाईपर्यंत तीन पाण्यांनी धुवायची, मग भातात शिजवायची, हे त्यांचं काम. पत्रकं लिहिणं, स्टेन्सिल कापणं, सायकलवरून वाटणं, हे माझं. मी बावीस वर्षांची होते. कॉलेजातल्या मोर्च्यांनी मला एवढंच शिकवलं होतं की वाक्य छोटं हवं आणि समोरच्याच्या तोंडावर बसलं पाहिजे. ‘साखळी म्हणजे तुरुंग. तुरुंगाला घर म्हणू नका.’ हे माझं. काकांच्या कामापेक्षा माझं काम मोठं, असं मला तेव्हा खरोखर वाटत होतं.

कुत्रं न्यायला कोणी आलं की काका त्याला दाराजवळच्या फळीवर बसवायचे. चहा द्यायचे. अर्धा तास काही बोलायचे नाहीत. जे कुत्रं आपणहून त्या माणसाजवळ जाऊन बसेल ते त्याचं. कोणीच गेलं नाही तर चहा झाला, राम राम. मला हा सगळा अडाणीपणा वाटायचा. मी छापील अर्ज काढला. अकरा प्रश्न, पुढे ‘हो’ आणि ‘नाही’चे चौकोन. सातवा प्रश्न होता, जनावराला बांधून ठेवणार का. तिथे ‘हो’ आलं की अर्ज बाद. काकांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “तुह्या कागदात बसणारा माणूस पुऱ्या नागपुरात एकच भेटीन, अन् त्याले कुत्रं आवडत नसीन.”

पावसाळा संपताना भिवापूरकडचा एक माणूस आला. मिरची विकायला शहरात आला होता. पन्नाशीचा, पांढरी टोपी, खांद्यावर रिकामी पोती. पोत्यांच्या वासाने शेडमधली कुत्री एकामागून एक शिंकायला लागली आणि तो स्वतःशीच हसला. काकांनी त्याला फळीवर बसवलं. चहा अर्धा झाला असेल, तेवढ्यात तांबडी उठली. एक कान तुटलेली, कोणाच्याही हाताला तोंड न लावणारी कुत्री. ती सरळ गेली आणि त्याच्या पायावर हनुवटी टेकून झोपली. त्याने तिच्या मानेभोवती बोटं फिरवून माप घेतलं. बाजारात बैल बघतात तसं बघतोय, असं वाटून माझं डोकं आधीच तापलं. मी अर्ज घेऊन पुढे झाले. सातव्या प्रश्नाला तो म्हणाला, “हो. रात्री बांधा लागते.”

“मग मिळणार नाही.”

“काहून?”

मी पत्रक त्याच्या हातात दिलं. त्याने ते ओठ हलवत, सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. घडी करून खिशात ठेवलं.

“बराबर लिवलं हाये वं पोरी. पण आमच्याकडं रात्री...”

“रात्री काय आणि दिवसा काय. तुरुंगाला वेळ नसते.”

हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढच्या पत्रकात मी ते मोठ्या अक्षरात घेतलं. त्याचं वाक्य मात्र अर्धंच राहिलं. दारातून वळून तो एवढंच म्हणाला, की ‘नाही’ असं मलेही लिहिता येते, पण बांधीन तर बांधीनच नं.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. बायकोने जुन्या लुगड्याचा काठ वळून विणलेला पट्टा घेऊन आला होता. मानेला काचू नये म्हणून आतून मऊ अस्तर लावलेला. त्याने विचारलं, नियम बदलला का. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. पट्टा त्याने फळीवर ठेवला. तिच्याच मापाचा आहे, राहू द्या, म्हणाला.

पुढच्या महिन्यात एक बाई मोटारीतून आल्या. नवरा साहेब, बंगला, मोठं आवार. शाईच्या पेनाने त्यांनी अकराही उत्तरं बिनचूक भरली आणि बांधण्याच्या आपण ठाम विरोधात असल्याचं समासात वेगळं लिहिलं. तांबडी कोपऱ्यातून हललीसुद्धा नाही. काका म्हणाले, कुत्री गेली नाही तिच्याजवळ. मी म्हटलं, कुत्रीला काय कळतं. हो, मी असंच म्हटलं. तिला उचलून मीच मोटारीत बसवली.

तीन महिन्यांत साहेबांची बदली झाली. तांबडी माळ्याच्या भरवशावर राहिली, म्हणजे फाटक उघडं आणि कुत्री मोकळी. माझ्या अर्जाला हवी होती तशी अगदी मोकळी. कॉलनीत कोणीतरी कणकेत विष घालून गोळे टाकले. माळ्याने निरोप दिला तेव्हा मी सायकल दामटत गेले. तोवर कचऱ्याची गाडी तिला घेऊन गेली होती.

आणि थंडी सरताना तो माणूस परत आला, पोती रिकामी करून. शेडभर नजर फिरवली आणि विचारलं, तांबडी कुठं गेली. मी सांगितलं. बंगला, बदली, गोळे, सगळं. तो फळीवर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“म्हणूनच त बांधतो म्हनलो होतो,” तो म्हणाला. “आमच्याकडं रानडुकरासाठी शेताच्या धुऱ्यावर असेच गोळे ठेवतेत. रात्रीच ठेवतेत. माही पहिली कुत्री तशीच गेली.”

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. भांडायची मला सवय होती.

“कुठं पुरली?”

मला माहीत नव्हतं. विषाच्या गोळ्यांवर मी तीन पत्रकं लिहिली होती, आणि मेलेलं कुत्रं गाडी नेते कुठे हे कधी विचारलं नव्हतं. मी घाईघाईने म्हटलं, दुसरं कोणतंही घेऊन जा, अर्ज नको, काही नको. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो कोपऱ्यातल्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडे बघत होता. गठ्ठा सुटू नये म्हणून मी त्याला लुगड्याच्या काठाचा तो पट्टा बांधला होता.

तो उठला, चहाचा कप आत नेऊन ठेवला, काकांना राम राम केला आणि गेला.

अर्ज मी बंद केला. आता फळी आहे, चहा आहे, आणि बांधणार म्हणणाऱ्याला मी का ते विचारते आणि उत्तर संपेपर्यंत तोंड बंद ठेवते. माझ्यासारखीला हे अवघड जातं. मध्यंतरी तांबड्या रंगाचं एक पिल्लू आलं, तेव्हा त्या माणसाला पत्र लिहावं असं वाटलं. त्याचं नाव, गाव, सगळं त्याच्या अर्जावर होतं. मी दोन दिवस कपाट उपसलं. बाद झालेले अर्ज आम्ही ठेवतच नव्हतो.