ब्रेकमास्तरांचे पॉइंट

गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा भांबावला की शेजारी बसलेल्या मास्तरांनी तो दाबायचा आणि गाडी जागेवर उभी करायची. हे काम एकोणतीस वर्षं केल्यावर माणसाचा पाय घरी आला म्हणून सुधारतो थोडाच! आमचे मास्तर जेवायला बसले तरी उजवा पाय पुढे, टाच टेकलेली आणि चवडा अधांतरी. बायको घाईघाईत काही बोलायला लागली की टेबलाखाली चवडा फरशीवर दाबला जायचा. गल्लीने त्यांना ‘ब्रेकमास्तर’ म्हणायला सुरुवात केली ती काही उगाच नाही.

अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली. ते स्वतः मात्र मैदान, पाण्याची टाकी, कोर्टाचा चौक आणि परत मैदान, एवढ्याच वाटेवर रोज चाळीस किलोमीटर फिरायचे आणि संध्याकाळी जिथून निघाले तिथेच उतरायचे. घरून विचारलं, “कुठे जायचं का हो सुट्टीत?” तर म्हणायचे, “दिवसभर गाडीतच असतो की मी.”

त्यांना पॉइंटांचा नाद लावला तो बँकेतल्या एका मुलीने. ती गाडीच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा पास झाली, आणि आनंदाच्या भरात तिने मास्तरांना क्रेडिट कार्ड काढून दिलं.

“शंभर खर्च केले की चार पॉइंट, मास्तर. पॉइंट साठवा आणि विमानाने फुकट फिरा!”

या वाक्यातले ‘साठवा’ आणि ‘फुकट’ हे दोन शब्द मास्तरांच्या कानात जाऊन बसले. ‘फिरा’ हा शब्द तिथे बसायला आला होता, पण त्याला जागा उरली नाही.

घरी आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, “ऐकलंस का, तुला आता आक्काकडे विमानाने नेणार!”

आक्का म्हणजे मास्तरांच्या बायकोची, आमच्या बाईंची, थोरली बहीण. आई कामावर जायची तेव्हा हिची वेणी घालून, डबा भरून, हाताला धरून शाळेत पोचवणारी ती आक्काच. पुढे ती नर्स झाली आणि नोकरीसाठी इतकी लांब गेली की आगगाडीने दोन रात्री लागाव्यात. बाईंची कंबर दुखरी; तो प्रवास त्यांच्याने होत नव्हता. नऊ वर्षांत दोघी बहिणी भेटल्या नव्हत्या. रोज फोनवर एकमेकींना बघायच्या खऱ्या, पण आक्काला फोन धरता यायचा नाही. त्यामुळे नऊ वर्षं बाईंनी बहिणीचं पाहिलं ते कपाळ आणि त्याच्या वर फिरणारा पंखा.

तर पॉइंटांची सुगी सुरू झाली. मास्तर गाडीत पेट्रोल भरायचे ते कार्डावर, टायर घ्यायचे ते कार्डावर. पण एका माणसाच्या खर्चाने असे किती पॉइंट जमणार? मग त्यांनी दुसऱ्यांच्या खर्चावर नजर वळवली. इमारतीत कोणी काही घेणार असल्याची कुणकुण लागली की मास्तर दारात हजर. “पैसे मी कार्डाने भरतो, तुम्ही मला रोख द्या. तुमचं काय जातंय?” लोकांचं खरंच काही जात नव्हतं. मास्तर मात्र कुठे कुठे जायला लागले! खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्यांनी फ्रिज घेतला तेव्हा मास्तर दुकानात तीन तास उभे होते, आणि दोन दारांचाच घ्या म्हणून हटून बसले होते. औषधवाल्यांना एकाच दाराचा हवा होता. पुढे त्याच औषधवाल्यांची दाढ किडली तर मास्तर दाताच्या डॉक्टरकडेही बरोबर गेले. आतून औषधवाल्यांचा आवाज येत होता आणि बाहेर मास्तर रिसेप्शनवरच्या मुलीला विचारत होते, “शेजारची दाढ बघितलीत का? तीही कामाची वाटत नाही मला.”

बाई शाळेत ग्रंथपाल. त्या हे सगळं बघत होत्या आणि गालातल्या गालात हसत होत्या. कारण चाळीस हजार पॉइंट झाले की विमानाची जाऊन येऊन दोन तिकिटं मिळणार होती, आणि आकडा चढत होता. त्यांनी एक नवी बॅगही आणून ठेवली. अर्थात मास्तरांच्या कार्डावर.

चाळीस हजार झाले. बाईंनी बॅग खाली काढली.

“काढा तिकिटं.”

“काढू की! पण पुढच्या महिन्यात एक योजना येतेय. थांबलं तर फायदा आहे.”

बॅग परत वर गेली. योजना आलीच नाही. आली ती बातमी, की दोन तिकिटांना आता अठ्ठेचाळीस हजार लागतील. मास्तर पुन्हा लोकांच्या फ्रिजांमागे लागले. अठ्ठेचाळीस झाले, बॅग उतरली, मास्तर म्हणाले, “जरा थांब.” मग दर साठ हजारांवर गेला. बॅग इतक्या वेळा खालीवर झाली की एकदाही प्रवास न करता तिची चेन बिघडली.

“अहो, ते पॉइंट आहेत की आपली लेकरं? खर्चायचं नाव काढलं की तुमचं तोंड उतरतं.”

“घाई करून कुणाचं भलं झालंय?”

“माझ्या लायब्ररीत पोरं पुस्तक नेतात तर पंधरा दिवसांत परत आणतात. तुम्ही मला आक्काचं कबूल केलंत त्याला चार वर्षं झाली. दंड लावला असता तर विमान विकत आलं असतं.”

आणि मग आक्काचा फोन आला. ती नोकरीतून निवृत्त होत होती. पुढच्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला हॉस्पिटलात निरोपाचा समारंभ होता आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडून सगळ्यांना जेवण. पंख्याखालचं कपाळ म्हणालं, “चाळीस वर्षं लोकांच्या माणसांची उशाशी बसून सेवा केली. त्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीत माझं माणूस हवं. या वेळी आली नाहीस ना, तर फोनवर तोंड दाखवू नकोस.” आणि आवाज असा काही झाला की बाईंनी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शाळेतून तारखेचा शिक्का आणला. मास्तरांच्या शिकवणीच्या वहीवर, सत्तावीस तारखेच्या पानावर, तो ठाणकन उमटवला. त्याखाली लिहिलं : ‘मुदत संपली.’

मास्तर हादरले. आता पॉइंटही साठ हजारांवर गेले होते. संध्याकाळी मोबाइल घेऊन बसले. सत्तावीसच्या सकाळच्या विमानात पॉइंटांवर मिळणाऱ्या दोनच जागा शिल्लक होत्या. खाली दोन बटणं : एक ‘बुक करा’चं, दुसरं ‘चोवीस तास राखून ठेवा’चं. आता तुम्हीच सांगा, ज्याचा पाय जन्मभर ब्रेकवर, त्याचं बोट कुठल्या बटणावर जाणार?

“झालं का?” बाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“झाल्यातच जमा आहे.”

राखून ठेवण्याचं कारण तरी काय? तर दोन दिवसांनी एक तारीख होती, आणि एक तारखेला पॉइंटांत सूट मिळणार अशी औषधवाल्यांनी उडवलेली वार्ता होती. फ्रिजचा सूडच म्हणा. चोवीस तास संपले, मास्तर सूट येण्याची वाट बघत बसले. एक तारखेला सकाळी बघतात तो सूट नाहीच, आणि दोनातली एक जागा कुणीतरी घेतलेली.

त्यांनी ते घरी सांगितलं तेव्हा त्यांची अपेक्षा होती की बाई आरडाओरडा करतील. बाईंनी पदर खोचला, चपला घातल्या आणि मास्तरांच्या आधी खाली उतरून त्यांच्या गाडीत, शिकणाऱ्याच्या जागेवर, जाऊन बसल्या.

“हे काय?”

“शिकवा मला गाडी. आक्काकडे जायचं तर दुसरा मार्ग काय उरलाय? बसा.”

सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मास्तरांनी निमूटपणे बाईंना शेजारी बसवून गाडी मैदानावर नेली, मग जागा बदलून त्यांना स्टिअरिंग दिलं. मैदान रिकामंच होतं. शिकवणीचे लाल शंकू तेवढे मांडलेले. क्लच कसा सोडायचा ते मास्तरांनी सांगितलं. गाडीने दोन हिसके दिले आणि पहिल्या गिअरमध्ये ती शंकूंभोवती सायकलच्या वेगाने फिरायला लागली.

“छान. आता थांबव.”

“नाही थांबवत. मोबाइल काढा.”

“अगं, शंकू! शंकू बघ!”

“शंकू मला दिसतोय. तुम्ही मोबाइल बघा. ती एक जागा आहे ना अजून?”

एक शंकू आडवा झाला. मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला, गाडी थांबली. बाईंनी शांतपणे पुन्हा चालू केली. पुन्हा एक फेरी, पुन्हा एक शंकू, पुन्हा ब्रेक. सहाव्या शंकूनंतर बाई म्हणाल्या, “तुमचा पाय ब्रेकवर राहू दे. माझं त्याच्याशी भांडण नाही. मला फक्त तुमचं बोट हवंय. आक्काच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली ना, तर या मैदानावर एक शंकू उभा ठेवायची नाही मी.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलेलं, दात ओठांवर, आणि डोळ्यांत पाणी. समोर शंकू होता, आणि या वेळी ब्रेक दाबायचं मास्तर विसरले, कारण ते बोटाने ‘बुक करा’ दाबत होते. शंकू धाडकन उडाला. मोबाइल टिंग वाजला. तिकीट बाईंच्या नावाचं निघालं.

“झालं,” मास्तर म्हणाले. मग बारीक आवाजात, “आणि माझं काय?”

“तुम्ही थांबा. योजना येईल एखादी.”

आता मास्तरांची गंमत बघा. त्यांच्या कार्डावर एका माणसाला पुरतील एवढे, तीस हजार पॉइंट उरले होते. पण त्या विमानात पॉइंटांवर बसायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी गल्लीतल्या कुणालाही न सांगता, पूर्ण किमतीचं, रोकड्या पैशांचं तिकीट काढलं. औषधवाल्यांना ते कसं कळलं कुणास ठाऊक, पण “मास्तर, कार्डाने मी भरू का? तुमचं काय जातंय?” असं ते जिन्यात विचारून गेले.

विमानात बाई पुढे, खिडकीशी बसल्या होत्या. मास्तर शेवटच्या रांगेत, संडासाच्या दाराला लागून. विमानाने धावपट्टीवर वेग घेतला तेव्हा मास्तरांचा चवडा पुढच्या सीटखाली इतक्या जोराने दाबला गेला की पुढचे गृहस्थ मागे वळून म्हणाले, “ती माझी पिशवी आहे हो.”

अठ्ठावीसच्या समारंभात आक्काच्या शेजारच्या खुर्चीत बाई बसल्या होत्या. नऊ वर्षांनी त्यांना कपाळाखालची आख्खी आक्का दिसली. सगळे भाषण करत होते आणि या दोघी हात हातात घेऊन, शाळेतल्या मुलींसारख्या, कुजबुजत होत्या. मास्तर मागे उभे राहून बघत होते. त्यांना पहिल्यांदाच वाटून गेलं, की चाळीस हजारांवरच निघालो असतो तर चार वेळा येऊन गेलो असतो. हिशेब चुकीचा होता, पण पश्चात्ताप खरा होता.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात जेवण झालं. वीस-बावीस नर्सा, डॉक्टर, वॉर्डबॉय. बिल आलं. आक्काने पर्समधून नोटांची जुडी काढली. मास्तरांचे डोळे चमकले, हात खिशाकडे गेला.

“आक्का, थांबा, थांबा! कार्डाने मी भरतो, तुम्ही मला—”

टेबलाखाली बाईंचा पाय मास्तरांच्या चवड्यावर पडला. गच्च. मास्तर जागच्या जागी थांबले.