माणूस बरा आहे, चेक आधी घ्या

माझा पोटापाण्याचा धंदा म्हणजे दुसऱ्यांची पत तपासणं. बहरीनमधल्या एका फायनान्स कंपनीत मी कर्जाचे अर्ज बघायचो. कोणी गाडीसाठी, कोणी बहिणीच्या लग्नासाठी, कोणी गावाकडच्या घरावर स्लॅब टाकायला कर्ज मागायचा. मी एसीत बसून त्याचा रिपोर्ट उघडायचो आणि एखादा हप्ता चुकलेला दिसला की चष्मा कपाळावर चढवून, याने माझ्याच खिशातून पाकीट मारलं असावं असा चेहरा करायचो. नकाराची पत्रंही मीच लिहायचो. त्यातलं इंग्रजी इतकं मऊ असे की वाचणाऱ्याला शेवटच्या ओळीपर्यंत कर्ज मंजूर झाल्यासारखंच वाटावं. खोटं कशाला बोला, त्या पत्रांचा मला अभिमान होता.

मग कंपनीने आमचा विभागच बंद केला, आणि मऊ इंग्रजीतलं एक पत्र मलाही मिळालं. बायको म्हणाली, "इथेच राहू, काटकसर करू, घरमालकांशी बोलून बघ." पण पुण्याच्या माणसाला आपली अडचण मालकाच्या दारात जाऊन सांगायची म्हणजे जीव नकोसा होतो. मी तिला आणि मुलीला पुण्याला पाठवायचं ठरवलं. मुलगी तेव्हा चौथीत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. "सुट्टीपुरतं जायचं," मी तिला सांगितलं, "शाळा उघडायच्या आत तू परत इथे." ती म्हणाली, "प्रॉमिस?" मी लगेच प्रॉमिस देऊन टाकलं. तारणाशिवाय असलं काही द्यायचं नाही, हे मी ऑफिसात रोज लोकांना ऐकवत होतो.

आम्ही राहत होतो त्या सनाबिसच्या फ्लॅटचा करार संपायला अजून बरेच महिने होते. इथे मी जे केलं ते पुण्याचाच माणूस करू जाणे. आमच्याकडे डिपॉझिट घसघशीत असतं आणि घर सोडताना भाडेकरू म्हणतो, "शेवटचे दोन-तीन महिने डिपॉझिटमधून वळते करून घ्या." मालक कुरकुरतो आणि घेतो. इथे डिपॉझिट एका महिन्याचं, आणि तेसुद्धा रंगरंगोटीला. हे करारात लिहिलेलं होतं. लोकांचे करार वाचण्याचा पगार घेणाऱ्या मी स्वतःचा करार उघडून पाहिला नव्हता. मालकांना सुंदर ईमेल लिहिली, उरलेलं भाडं कृपया डिपॉझिटमधून वळतं करावं अशी विनंती केली, चावी वॉचमनच्या हातात दिली आणि टॅक्सीत बसलो.

मालक म्हणजे सत्तरी ओलांडलेले बहरीनी गृहस्थ. त्यांना सगळे हाजी म्हणत. घर घेतलं त्या दिवशी त्यांनी मला आपल्या मजलिसमध्ये बसवून कॉफी पाजली होती. मजलिस म्हणजे घराला लागून असलेली पुरुषांची बैठक; संध्याकाळी तिथे शेजारीपाजारी जमतात. "कुछ तकलीफ हो, इधर आना," ते मोडक्या हिंदीत म्हणाले होते. मी ते शिष्टाचारात जमा केलं. आपल्याकडे "या की कधी घरी" म्हणतात, तेव्हा कोणी खरंच जातं का?

मला तुबलीतल्या एका गॅरेजमध्ये अकाउंटंटची नोकरी मिळाली, पगार जवळजवळ निम्मा. राहायला तिथेच एक भागीतली खोली. दुसरे भागीदार रत्नागिरीकडचे, स्पेअर पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर बसणारे. वयाने मोठे म्हणून मी त्यांना चाचा म्हणायचो, ते मला साहेब म्हणायचे, आणि त्या 'साहेब'मध्ये आदर कमी, गंमत जास्त होती. चावीची गोष्ट ऐकून ते चहाचा कप हातात धरून बघतच राहिले.

"वॉचमनला चावी? साहेब, तुम्ही हाटेलात उतरला होता काय? घर सोडताना माणूस मालकाचं तोंड बघून जातो."

"मी ईमेल केली होती."

"ईमेल!" चाचांनी असा उच्चार केला, जणू मी हाजींना बहिणीवरून शिवी दिली होती.

काही महिन्यांनी कोर्टाची नोटीस आली. कराराच्या उरलेल्या महिन्यांचं भाडं मागितलं होतं. त्याला विजेचं मोठं बिल जोडलेलं. हे बिल कुठून आलं म्हणून मी तावातावाने चौकशी केली, तेव्हा कळलं की मी निघताना बेडरूमचा एसी चालूच ठेवला होता. वीज माझ्याच नावावर, आणि वादात अडकलेलं म्हणून घर तसंच बंद. अख्खा उन्हाळा सनाबिसच्या रिकाम्या बेडरूममध्ये गारेगार होतं, आणि मी तुबलीत चाचांच्या घोरण्याला साथ देणाऱ्या म्हाताऱ्या एसीखाली घामाघूम पडलेला. बायकोला मी हे कितीतरी दिवस सांगितलं नाही. शाळा उघडून गेली होती. मुलीचं नाव पुण्याच्या शाळेत घातलं होतं. फोनवर ती आधी विचारायची, "व्हेन?" पुढे पुढे तिने ते विचारणंच बंद केलं. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

त्यांना परत आणायचं तर फॅमिली व्हिसा हवा, आणि व्हिसाला माझ्या नावाचा घराचा करार हवा. म्हणून मी सनद भागातल्या एका एजंटकडे गेलो. दोन खोल्या, खिडकीत बोगनवेल, भाडं झेपेल असं. एजंटने माझ्या रेसिडेंट कार्डाचा नंबर घातला, स्क्रीनवर माझी थकलेल्या भाड्याची केस बघितली आणि त्याचा चेहरा बदलला. तो चेहरा माझ्या चांगला ओळखीचा होता. मीच तर इतकी वर्षं तो करत आलो होतो.

"ती जरा टेक्निकल बाब आहे," मी म्हणालो.

बोलता बोलताच लक्षात आलं की माझ्यासमोर बसलेला प्रत्येक थकबाकीदार हेच म्हणायचा.

शेवटी चाचांनी मला हाजींकडे पिटाळलं. "जा, बसा, कॉफी प्या. अर्धं तरी माफ करतील, इंशाल्ला." मी मात्र फाइल तयार केली. तीन पर्याय, हप्त्यांचे तक्ते, रंगीत कॉलम. मजलिसमध्ये पाच-सहा म्हातारे बसले होते. मी चपला काढून आत गेलो, सलाम केला आणि बसायच्या आधीच फाइल उघडली. हाजींनी ती माझ्या हातातून घेऊन बाजूच्या उशीवर ठेवली आणि माझ्या हातात कॉफीचा छोटा कप दिला.

"मुंबई में सब ठीक?"

"पुणे," मी म्हणालो.

"हाँ, मुंबई. बच्ची कैसी है?"

मी इतकी वाक्यं घोकून गेलो होतो, त्यातलं एकही या प्रश्नाला लागू पडेना. मी म्हणालो, "दूर है." त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाले, "तुम आया क्यों नहीं? मैं बोला था, इधर आना." मला लाज वाटली म्हणून, मी म्हणालो. ते खरंच होतं.

चाचांचा अंदाज मात्र साफ चुकला. हाजींनी एक दिनारसुद्धा माफ केला नाही. "पूरा देगा," ते म्हणाले. दर महिन्याला झेपेल तेवढं, पण बँकेतून नाही. स्वतः यायचं, हातात द्यायचं आणि बसायचं. म्हणजे फोनवर दोन बोटांत पैसे पाठवणारा मी, पगार झाला की पाकीट खिशात घालून सनाबिसला जायचो आणि म्हाताऱ्यांमध्ये मांडी घालून मासळीचे भाव आणि फुटबॉल ऐकायचो. पहिले काही महिने वेळ जाता जात नसे. पुढे त्यांच्यातला एक जण माझ्यासाठी आपली जागा सरकवून द्यायला लागला.

देणं फिटलं तेव्हा दुसरं शैक्षणिक वर्ष संपत आलं होतं. हाजींनी कोर्टात कागद दिला, केस मिटली. रिपोर्टवर 'फेडले' असा शेरा आला, पण आधीचा डाग काही गेला नाही. तो इतक्यात जात नाही, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सनदचा एजंट पुन्हा मान हलवू लागला, तेव्हा मी जन्मात केला नसेल असा आगाऊपणा केला. संदर्भ म्हणून ज्याचे पैसे बुडवून पळालो होतो त्याचाच नंबर दिला.

दोन दिवसांनी एजंटचा फोन आला. "सर, नया ओनर ने हाजी से बात किया. हाजी बोला, आदमी अच्छा है."

मी हवेत.

"और बोला, पूरे साल का चेक पहले ले लो."

मी हसत सुटलो. चाचांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. इतका नेमका शेरा मी माझ्या नोकरीत एकदाही लिहिला नव्हता. बाराही महिन्यांचे पुढच्या तारखांचे चेक लिहून दिले आणि करारावर सही केली, या वेळी प्रत्येक ओळ वाचून. एजंट दोनदा घड्याळ बघून गेला.

शाळा उघडायच्या आधी दोघी आल्या. बायकोने स्वयंपाकघराचा ताबा घेतला, गॅसच्या शेगडीला आणि मला सारखीच नावं ठेवली, आणि मला खूप दिवसांनी घरात असल्यासारखं वाटलं. मुलगी उंच झाली होती. तिने तिची खोली बघितली, "नाइस" म्हणाली आणि आपली बॅग कपाटाशेजारी उभी करून ठेवली. रोज सकाळी त्यातून कपडे काढायची, धुऊन आले की घडी करून पुन्हा त्यातच. कपाट रिकामं.

"कपाटात लाव ना," मी एकदा म्हणालो.

"आफ्टर यू पे द नेक्स्ट मंथ," ती म्हणाली. रागाने नाही. मी ऑफिसात लोकांना सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणायला सांगायचो, अगदी त्याच आवाजात.

बायको ओरडणार होती, मी तिला खुणेने थांबवलं. पोरीचं काय चुकलं होतं?

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला चेक वटल्याचा बँकेचा मेसेज आला. मी गॅरेजमधून तडक घरी आलो आणि फोन तिच्यासमोर धरला. तिने रक्कम वाचली, तारीख वाचली, पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. मी उभाच होतो, हात पुढे बांधून.

"अँड द नेक्स्ट वन?"

"तोही वटेल."

"ओके," ती म्हणाली. मग तिने बॅग आडवी केली, चेन उघडली आणि त्यातले अर्धे कपडे कपाटात लावले.