मागचं दार

परवा मुलानं नवी गाडी बघायला नेलं आणि सीटच्या कातड्याचा वास आला. नव्वदच्या दशकात सुरतेला माझे यजमान एका शेठकडे ड्रायव्हर होते. दसऱ्याला शेठच्या दोन परदेशी गाड्यांसाठी हार घेऊन मी डिंडोलीतल्या आमच्या खोलीवरून गेले होते. "ही इटलीची माझ्या वयाची, सारखी रुसते. ती जर्मनीची आपल्या पोराच्या वयाची, लगेच ऐकते. तुला कुठली आवडली?" एवढं मला विचारून यजमान छाती धरून खाली बसले. शेठ दोन्ही किल्ल्या घेऊन धावत आला, पण दोन्ही गाड्या दोनच दारांच्या, मागे माणूस निजवता येईना. शेवटी शेठच्या साड्यांच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं, तोवर सगळं संपलं होतं. मी रडले नाही; एक हार हातातच राहिला होता. परवा मुलगा अ‍ॅव्हरेज विचारत होता आणि मी मागचं दार उघडून, लावून, पुन्हा उघडून बघत होते.