पडवीतला नवरा

वैभववाडीच्या संचिताला खोटं बोलणं कधी जमत नसे. आणि तिनं मारलेली थाप तर केवढी! ती मालवणात कॉलेजसाठी आली, तर सगळ्या खोल्या पर्यटकांनी अडवलेल्या. उरली एक मथुराकाकीची, तीही फक्त जोडप्यासाठी. म्हणून तिच्यासारख्याच खोलीवाचून अडलेल्या, वर्गातल्या प्रीतमला तिनं काकीपुढे नवरा केलं. तो कुणकेश्वरचा, बडबड्या, देवाधर्माची टिंगल करणारा. दोघांचं कशावरच पटत नसे.

प्रीतम बिचारा सरळपणानं रोज बाहेर पडवीत झोपे. तिथेच घात झाला. नवरा-बायकोचं बिनसलंय, असं काकीनं मनाशी ठरवलं आणि दोघांना शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट रवळनाथाच्या देवळात उभं केलं.

गुरवानं नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या घोव-बायलेत जा काय बिनसला असात ता दूर कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

संचिता प्रीतमच्या जवळ सरकली. काकीला फसवलं ते फसवलं, आता गावच्या राखणदारालाही?

"प्रीतम, खरा सांगून टाक रे," ती कुजबुजली.

"गप रव गो. देव खंय ऐकता?"

गुरवाचा आवाज चढला, "ह्येंची जल्माची गाठ घट्ट बांध, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी एक आवाज सगळ्यांच्या वर गेला. काकीनं वळून पाहिलं. तो संचिताचा होता; तिनं आता दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. आणि देव न मानणारा प्रीतम, कानापर्यंत लाल होऊन, घाईघाईनं हात जोडत होता.