करवटगुरू

दादा कुणाच्याही घरी गेले की घरच्यांकडे बघत नसत. दारात चपला काढायच्या, न्हाणीत जाऊन साबणाने हात धुवायचे, खांद्यावरच्या पंच्याला पुसायचे आणि सरळ आजाऱ्याच्या खाटेशी जायचं. तुम्ही चहा विचारा, तब्येत विचारा, उत्तर मिळायचं नाही. खाटेशी वाकून, तळहात वर करून ते आजाऱ्याच्या कमरेखाली हात घालायचे आणि म्हणायचे, "पाठ बघू." पाठ बघून झाली की मग आपल्याकडे वळायचे. तोवर त्यांना तुमच्याबद्दल जे कळायचं ते कळून चुकलेलं असे, आणि त्यांच्या नजरेला नजर देणं जड जायचं.

दूधविनायकापासून ब्रह्मा घाटापर्यंतच्या गल्ल्यांत जिथे जिथे कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तिथे त्यांची सकाळ-संध्याकाळ फेरी असायची. आम्ही मराठी घरातले त्यांना दादा म्हणायचो. बाकीची गल्ली करवटगुरू म्हणायची. करवट म्हणजे कूस, आणि बनारसात पानवालाही गुरू नि रिक्षावालाही गुरू, त्यामुळे त्या पदवीचं दादांना काही अप्रूप नव्हतं. काम मात्र खरंच एवढंच, आजाऱ्याची कूस बदलायची. ते औषध देत नसत, नाडी बघत नसत, अंगारा लावत नसत. जगभरातून माणसं ज्या गावात मरायला येतात, त्या गावात हा गृहस्थ मरणाला टेकलेल्या म्हातारीला दर दोन तासांनी डावीकडून उजवीकडे करा म्हणून घरच्यांच्या मागे लागायचा. लोकांना ते चमत्कारिक वाटायचं. मलाही वाटायचं, माझ्या घरात खाट पडेपर्यंत.

हे सगळं ते शिकले आरोग्यशाळेत. दक्षिणेतल्या कुणा धनिक विधवाबाईंनी फार पूर्वी आमच्या भागात यात्रेकरूंसाठी सोळा खाटांची ही आरोग्यशाळा काढली होती. तेव्हा आगगाडी नव्हती. माणसं महिनोन्‌महिने चालत काशीला पोचायची आणि पोचल्यावर आजारी पडायची. पटकीच्या भीतीने धर्मशाळेवाले त्यांना बाहेर काढायचे, उपाध्ये दार लावून घ्यायचे. अशांना आरोग्यशाळेत खाट मिळायची. दादा मिसरूड फुटायच्या आधी तिथे सेवेकरी म्हणून लागले आणि आरोग्यशाळा बंद पडली तेव्हाच बाहेर आले. जुन्या सेवेकऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी ते सांगायचे. "औषध होतं कुठे त्या जमान्यात? पाणी, पेज आणि कूस. या तिन्हीवर निम्मे लोक उठून घरी जायचे, आणि बाकीचे साफ पाठीने वर जायचे." आता त्या इमारतीत गेस्ट हाऊस आहे. वर गच्चीवर परदेशी पाहुणे नाश्ता करतात. दादा त्या दारावरून जाताना पाय ओढत जायचे, पण तक्रार म्हणून कधी केली नाही.

त्यांच्या पिशवीत जुनी नऊवारी लुगडी असायची. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं चौघडी करून आजाऱ्याच्या पाठीखाली घालायचं आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून उचललं की कितीही वजनाचं माणूस न दुखवता वळतं, ही त्यांची सगळी विद्या. पूर्वी दर घरात लुगडी मिळायची. पुढे आज्या गेल्या आणि ट्रंकेत सिंथेटिक साड्या आल्या. त्या हातातून निसटतात. मग दादा कुठे एखादी लुगडेवाली म्हातारी गेली की तेराव्यानंतर आठवड्याने त्या घरी हजर व्हायचे आणि संकोच न करता लुगडी मागायचे. लोक नावं ठेवायचे. एका घरी तर नवं धोतर देऊ केलं, ते त्यांनी परत केलं आणि जुन्यासाठी दारात उभे राहिले.

बेशुद्ध माणसालाही ते सांगितल्याशिवाय हलवत नसत. "आजी, आता डावीकडे घेतोय हं. गुडघा मोडतो आधी. झालं, झालं." माझ्या आईची वाचा गेली होती, तिला कळतं की नाही हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते. पण दादा तिच्याशी बोलल्याशिवाय हात लावायचे नाहीत, आणि मी घाईघाईत न बोलता लावला की माझा हात धरायचे. तिच्या दुखण्याच्या सातव्या वर्षी मी त्यावर चिडले होते. म्हटलं, तिला ऐकू येत नाही, मला शाळेत शिकवायला जायचंय. ते म्हणाले, "ऐकू आलं तर काय करशील?" आणि पुन्हा सुरुवातीपासून केलं.

त्यांची जीभ मात्र पूर्वी फार वाईट होती, हेही सांगायला हवं. माणूस गेला म्हणून त्याला देव करायचं नाही, असं ते स्वतःच म्हणायचे. ब्रह्मा घाटाच्या बाजूला एक बँकेतले साहेब राहायचे. त्यांच्या आईच्या पाठीला मोठं बेडसोर झालं होतं, दादांच्या भाषेत 'पाठ फुटली' होती. गणेशोत्सवात आरतीला सगळा समाज जमलेला असताना दादांनी प्रसाद घेणाऱ्या साहेबांना विचारलं, "घरी आईच्या पाठीला भोक आहे आणि इथे मोदक उतरतो का घशाखाली?" साहेब पांढरेफटक झाले. दुसऱ्या दिवसापासून त्या घराचं दार दादांना बंद. म्हातारी पुढे चार महिने जगली. दादा रोज त्या दारासमोर जाऊन उभे राहायचे, कडी वाजवायचे, आतून कुणी उघडायचं नाही. मला ही गोष्ट त्यांनीच सांगितली, एकदाच. "बोललो मी, भोगलं तिने," म्हणाले. त्यानंतर ते घरच्यांना काही बोलेनासे झाले. मी ओळखू लागले ते दादा हे असे, गप्प झालेले.

आता माझं सांगते. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी शाळेत शिकवत होते, लग्न केलेलं नव्हतं, भाऊ पुण्याला. भाऊ दर रविवारी फोन करायचा आणि काही लागलं तर सांग म्हणायचा. मला लागायची ती झोप, पण ती काही पुण्याहून पाठवता येत नव्हती. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. आमच्याकडे ते आलं आणि पाटावर बसलं. नऊ वर्षं. पहिली दोन वर्षं लोक कौतुक करतात, पुढची दोन विसरतात, आणि त्यानंतर भेटले की 'अजून आहेत का' असं विचारतात. मी दमले होते. प्रेम वगैरे होतं, नव्हतं असं नाही, पण दमणं त्याच्याहून मोठं झालं होतं.

सातव्या वर्षीच्या थंडीत बोर्डाच्या परीक्षेचं काम आणि घरी येणाऱ्या बाईचा ताप एकदम आला. आई डाव्या कुशीवर कण्हायची म्हणून मी तिला उजव्यावरच ठेवू लागले. एक रात्र, दोन रात्री, मग तसंच. एका सकाळी चादर बदलताना कमरेच्या हाडावर रुपयाएवढी लाल जागा दिसली, आणि मधोमध कातडी गेलेली. नऊ वर्षांत जर मला कशाची लाज वाटली असेल तर त्या सकाळची. मी पावडर टाकली, वर पातळ झाकलं. दादा आले तेव्हा दारातच सांगितलं, आत्ताच डोळा लागलाय. ते गेले. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, झोपली असेल तर उठेपर्यंत बसतो, आणि चपला काढून बाकावर बसले.

ते दीड तास बसले. मी स्वयंपाकघरात भांडी परत परत घासत होते. शेवटी मीच बाहेर येऊन म्हटलं, चला. त्यांनी पाठ बघितली. मी भिंतीला टेकून उभी होते आणि त्या साहेबांना जे ऐकावं लागलं ते ऐकायची तयारी करत होते. दादांनी कोमट पाणी मागितलं, मीठ मागितलं, स्वच्छ केलं, आईला हळूहळू सांगत डावीकडे घेतलं. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, "ही माझी चूक झाली, सुमन. चार दिवस मी नीट लक्ष दिलं नाही."

दोन दिवस मीच त्यांना दारातून परत लावलं होतं. त्यांना ते माहीत होतं, मला माहीत होतं. मी ओट्याशी जाऊन रडले. पुढचा महिनाभर ते रोज चार वेळा आले. दुपारी मला आतल्या खोलीत झोपायला पाठवायचे आणि स्वतः खाटेशी बसायचे. आईची जखम भरली. ती आणखी दोन वर्षांनी गेली तेव्हा तिची पाठ स्वच्छ होती, आणि हे मी आजही कुणाला अभिमानाने सांगू शकते ते त्यांच्यामुळे.

दादा पडले ते पूर ओसरल्यावर. घाटाच्या पायऱ्यांवर गंगेचा गाळ बसलेला होता, त्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. वय बघता डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं. लग्न केलेलं नव्हतं त्यांनी, म्हणून पुतण्याने शिवपूरला आपल्या दोन खोल्यांत नेलं. पुतण्या रेल्वेत, कायम ड्यूटीवर. त्याची बायको रोहिणी जबलपूरकडची, सकाळी लहान मुलांच्या शाळेत नोकरी, दोन पोरं, आणि आता हे चुलतसासरे. मी महिन्याने गेले. दोन टोटो, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षा, बदलून तासभर लागला. तेवढंही मला जमलं नव्हतं महिनाभर, हे कबूल करते.

त्यांच्याखाली हवेची गादी होती, पंपाची घरघर चालू होती. ते उताणे पडले होते. मला बघून हसले, आरोग्यशाळेच्या, पुराच्या, कुणाकुणाच्या गोष्टी काढल्या. मी सवयीने उठले, हात धुऊन आले आणि त्यांच्या कमरेकडे वाकले.

"नको," ते म्हणाले. "आत्ताच करवट दिली बहूने."

रोहिणी दारात उभी होती. तिने मान खाली घातली. मला तोवर वास आला होता. नऊ वर्षं ज्याने काढली त्याला तो वास सांगावा लागत नाही. मी तिला म्हटलं, तू जरा पोरांजवळ जाऊन पड, मी बसते. ती गेल्यावर दादांनी माझं मनगट धरलं. हातात जोर राहिला नव्हता.

"तिला काही बोलू नकोस," ते म्हणाले. "पोरगी सकाळी पाचला उठते. मी पन्नास वर्षं लोकांच्या पाठी बघितल्या, सुमन. त्या घरात कोण किती वाजता झोपतं, हे एकदाही विचारलं नाही."

मी म्हटलं, मला विचारलं नव्हतं, पण झोपायला पाठवलं होतं. मी त्यांना सांगून डावीकडे घेतलं. जखम माझ्या मुठीएवढी होती. गादीचा एक भाग कधीचा बसला होता, पंप नुसता आवाज करत होता.

त्यानंतर मी दिवसाआड जाऊ लागले. रोहिणीला लुगड्याची चौघडी दाखवली, गुडघा आधी कसा मोडायचा ते दाखवलं. ती शिकली. माझ्यापेक्षा लवकर शिकली. तिच्या मोबाइलमध्ये दर दोन तासांनी घंटी लावलेली असायची. ती वाजली की हातातली कणीक तशीच ठेवून उठायची. हे चूक होत होतं असं नाही, उशीर झाला होता. त्या वयात, त्या हाडांवर, एवढी जखम भरत नाही. दादांना हे तिच्या आधी कळलं होतं. ती मलमपट्टी करताना ते तिला म्हणायचे, आज आराम वाटतोय, आज ठणका कमी आहे. मग मी एकटी असले की ते उशी दातांत धरायचे.

ते कार्तिकात गेले, सकाळी, रोहिणी शाळेला निघायच्या आधी. तिने आधी मला फोन केला, नवऱ्याला नंतर. मी पोचले तेव्हा पुतण्या ड्यूटीवरून निघाला होता, गुरुजी यायचे होते. आम्ही दोघींनी त्यांना पुसून घेतलं. तिने शेवटची पट्टी काढली आणि बराच वेळ बघत राहिली. डोळे कोरडे होते तिचे, रात्रभर जागलेल्या माणसाचे असतात तसे.

"ताई," तिने विचारलं, "भरत आली होती ना?"

आत हाड दिसत होतं. मी कापसाचा बोळा पाण्यात बुडवला, पिळला, आणि ती जागा पुसली.

"हो गं," मी म्हटलं. "अजून पंधरा दिवस मिळाले असते तर भरली असती."